माझा अनुभव : ओव्हरक्लॉक करताना नेमकं कुठलं रीडिंग खरं धरायचं

माझ्याकडे इंटेलचा आय5-9600के प्रोसेसर आहे, झेड390 मदरबोर्डावर, त्यावर टॉवर एअर कूलर (पंख्याच्या हवेने प्रोसेसर गार ठेवणारा) लावलेला. सहा कोअर, बेस (नेहमीचा वेग) 3.7 आणि टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा) 4.6 गिगाहर्ट्झ. ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर लावणं (दृश्यांची चित्रं तयार करायला लावणं) हेच माझं रोजचं काम, म्हणून सगळे कोअर 5.0 वर न्यायचे होते, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचे, यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. आता मल्टिप्लायर (क्लॉक ठरवणारा गुणक) 50 करायला मिनिटभर लागतं, खरा वेळ गेला तो स्क्रीनवरच्या आकड्यांतले कुठले खरे मानायचे हे शोधण्यात, म्हणून तेच सविस्तर लिहितोय.

बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) व्हीकोअर, म्हणजे कोअरना मिळणारं व्होल्टेज, मॅन्युअल 1.320 ठेवलं. विंडोजमध्ये येऊन एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं तर व्हीआयडी नावाची ओळ एक सांगतेय, व्हीकोअर दुसरंच, आणि बोर्डासोबतचं सॉफ्टवेअर तिसरंच. टेंपरेचरचं तर विचारूच नका, ऑक्सटिन नावाच्या एका ओळीत 127 डिग्री आणि त्याच वेळी एक कोअर 33 वर. मे महिन्यातली इंदूरची दुपार, लोकमान्य नगरातलं आमचं घर वरच्या मजल्यावर, खोलीतल्या थर्मामीटरवर 37. एअर कूलर लावून प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही, म्हणजे ते 33 गेलं कामातून. आणि 127 म्हणजे मॉनिटरिंग चिपच्या त्या इनपुटला बोर्डवाल्यांनी काही जोडलेलंच नाही, रिकामी पिन काहीही आकडा दाखवते, ती ओळ सरळ लपवून टाकायची.

33 चं कारण समजून घेण्यासारखं आहे. कोअरमधला सेन्सर मुळात टीजेमॅक्सपासून (प्रोसेसरच्या कमाल तापमान मर्यादेपासून) आपण किती लांब आहोत एवढंच सांगतो, या प्रोसेसरची टीजेमॅक्स 100, सॉफ्टवेअर त्यातून वजाबाकी करून आपल्याला डिग्री दाखवतं. हा सेन्सर वरच्या टोकाला नीट जुळवलेला असतो, त्यामुळे 80-90 ला तो भरवशाचा आणि आयडलला (काही काम चालू नसताना) बरेच डिग्री इकडेतिकडे. लोक आयडल टेंपरेचर किती यावर तासन्‌तास चर्चा करतात, माझ्या मते त्या आकड्याला काही अर्थ नाही, लोडवरचं बघा.

मग आधी बोर्डाचं सॉफ्टवेअर बंद केलं. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी त्या मॉनिटरिंग चिपला विचारत बसले की मधूनच भलतेसलते आकडे येतात, ते बंद करताच अचानक उड्या मारणं थांबलं. व्हीआयडी हा तर मोजलेला आकडाच नव्हे, प्रोसेसर किती व्होल्टेज मागतोय ते आहे, मॅन्युअल मोडमध्ये त्याच्याकडे बघायचंच कारण नाही. उरलं व्हीकोअर. ते आयडलला 1.312 आणि प्राइम95 (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) चालू केलं की 1.216, थोड्याच वेळात चाचणीचा एक भाग (वर्कर) एरर देऊन बंद, कधी निळी स्क्रीन आणि त्यावर क्लॉक वॉचडॉग टाइमआउट.

घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, लाईट कमी-जास्त होते, स्टॅबिलायझर लाव. खालच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यभर टीव्ही आणि यूपीएस दुरुस्त केलेत, त्यांना वर बोलावलं. ते म्हणाले, "अरे, 230 व्होल्टचे एसएमपीएस, म्हणजे तुझा पॉवर सप्लाय, 12 करतो, त्या 12 चे तुझा बोर्ड सव्वा करतो. घरची लाईट त्रास देत असेल तर आधी 12 हललेले दिसतील." पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मल्टिमीटर लावला, पूर्ण लोडवर 11.98. चालतं 11.4 ते 12.6, म्हणजे लाईटचा प्रश्नच मिटला.

मग म्हटलं, "काका, प्रोसेसरच्या सॉकेटच्या मागे पण बघता का?" त्यांनी प्रोबला इन्सुलेशन टेप गुंडाळली, फक्त टोक उघडं ठेवलं, कारण तिथं प्रोब घसरून शेजारच्या पायाला लागला तर बोर्ड गेला. "टॉर्च धर आणि हात हलवू नकोस." सॉकेटमागच्या कपॅसिटरवर लोडमध्ये 1.221 आले. एचडब्ल्यूइन्फो 1.216 सांगत होतं, आणि माझ्या बोर्डाची चिप 0.016 च्या पायऱ्यांनीच मोजते, 1.216 नंतर थेट 1.232, मधलं तिला दिसतच नाही. म्हणजे सॉफ्टवेअरचं व्हीकोअर खरं होतं आणि व्होल्टेज खरंच जवळजवळ 0.1 पडत होतं.

याला व्हीड्रूप म्हणतात आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. लोड एकदम सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, तेव्हा ते मर्यादेत राहावं म्हणून लोडवर खाली ठेवतात. एलएलसी (लोड-लाइन कॅलिब्रेशन, हा ड्रूप भरून काढणारं बायोसमधलं सेटिंग) वाढवली की ड्रूप कमी होतो. पुष्कळ जण सगळ्यात वरची लेव्हल लावतात कारण ओळ सपाट दिसते, पण एचडब्ल्यूइन्फो दर दोन सेकंदांनी बघतं, ती उसळी त्याला कधी दिसायची? मी मधली लेव्हल घेतली, लोडवर 1.264 आले आणि एरर थांबले. (सॉकेटमागे मोजलेलं हे व्होल्टेज, प्रत्यक्ष सिलिकॉनला यापेक्षा थोडं कमीच पोचतं, हेही लक्षात असू द्या.)

आता टेंपरेचर. पाच कोअर 84-86 आणि एकटा 97. एक-दोन कोअर चार-पाच डिग्री गरम असणं नेहमीचं आहे, दहाच्या वर फरक असेल तर कूलर उघडून बघाच. उघडला तर बेसच्या एका कोपऱ्यावर थर्मल पेस्टचा (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणाऱ्या लेपाचा) जाड थर तसाच, बाकी ठिकाणी दाबून पातळ झालेली, ज्यानं मशीन जोडून दिलं त्यानं एका बाजूचा स्क्रू पुरता आवळलाच नव्हता. जेल रोडवरून पेस्टची ट्यूब आणली, पुसून परत लावलं, स्क्रू आळीपाळीने समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, तो कोअर 88 वर आला.

पण ते रात्रीचं रीडिंग, खोलीत 30 असताना. एअर कूलरवर खोली सात डिग्री तापली की कोअरही साधारण तितकेच तापतात, म्हणजे दुपारी 95. म्हणून वहीत नुसतं टेंपरेचर लिहू नका, शेजारी खोलीचं लिहा आणि फरक काढा, नाहीतर सकाळचं आणि दुपारचं सेटिंग ताडून बघता येणार नाही.

शेवटी 4.8 वर उतरलो. त्याला लोडवर 1.200 पुरतात. उष्णता क्लॉकच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्या हिशोबानं 5.0 च्या तुलनेत क्लॉक 4 टक्के कमी आणि उष्णता 13-14 टक्के कमी, माझ्यासारख्या रात्रभर रेंडर चालवणाऱ्याला हा सौदा केव्हाही परवडतो. दुपारीसुद्धा सगळ्यात गरम कोअर 90 च्या आत राहतोय, थर्मल थ्रॉटलिंगच्या (फार तापल्यावर वेग आपोआप कमी होणं) ओळीत सगळीकडे "नो", व्हेआ एरर (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या चुका) शून्य. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवायचं तयार सेटिंग) चालू असेल तर व्हीसीसीआयओ आणि सिस्टिम एजंट या प्रोसेसरमधल्या मेमरीशी संबंधित भागांचे व्होल्टेजही एकदा तपासा, ऑटोवर बरेच बोर्ड ते गरजेपेक्षा वर नेतात, माझे मी हातानं खाली आणले.