तुम्ही विचारलंत म्हणून: काचेतले मासे

"माशांना असं काचेत कोंडून ठेवताना काही वाटत नाही का हो?" घरी येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. वाटतं, अधूनमधून. पण विचारलंतच म्हणून मेक्सिकोतल्या एका माशाचं सांगतो.

हालिस्को राज्यात टकीला ज्वालामुखीच्या परिसरात तेउचित्लान नावाची छोटी नदी आहे. टकीला स्प्लिटफिन तिथलाच. बोटाएवढा, मातकट, नराच्या शेपटीला तेवढी केशरी कोर. आपल्या गप्पीसारखीच याची मादी थेट पिल्लं देते. फरक पोटातल्या व्यवस्थेत आहे. गप्पीचं पिल्लू मुख्यतः अंड्यातल्या बलकावर वाढतं. याच्या पिल्लाला गुदद्वारापाशी फितीसारखे धागे फुटतात आणि त्यांतून ते आईकडून पोषण ओढून घेतं. जन्मल्यावरही ते धागे थोडा काळ लोंबत असतात. नाळच म्हणा ना!

प्रदूषण आणि बाहेरून आलेले मासे यांपायी हा नदीतून नाहीसा झाला. वाचला तो युरोपातल्या हौशी लोकांच्या टाक्यांमुळे. १९९८ साली इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातून पाच जोड्या मेक्सिकोतल्या मोरेलिया शहरातल्या मिचोआकान विद्यापीठात पोचल्या. (त्याला शास्त्रीय नाव मिळालं तेही त्याच वर्षी.) त्या दहा माशांची प्रजा तिथल्या लोकांनी पुढची १५ वर्षं सांभाळली. मग ४० नर आणि ४० माद्या विद्यापीठाच्या मोठ्या तळ्यांत सोडल्या. तिथे पक्षी, कासवं, साप, परजीवी सगळे होते, आणि खाणं कधी भरपूर, कधी नाही. आयत्या खाण्याला सोकावलेल्या माशाला ही तालीम हवीच होती. चार वर्षांत अंदाजे १०,००० झाले. त्यांतले १,५०० नदीत सोडले आणि तिथे ते वाढले.

आता माझी टाकी. माझ्या गप्पींमुळे कुठलीही जात वाचत नाहीये. मला बघायला आवडतं म्हणून ते आहेत, एवढंच. माझा खरा राग निराळ्या गोष्टीवर आहे. डासांसाठी हौदात गप्पी सोडणं वेगळं, आणि कंटाळा आला म्हणून टाकी ओढ्यात रिकामी करणं वेगळं. त्याला लोक वर "मोकळं सोडलं" म्हणतात! तेउचित्लानमध्ये परके मासेच मुळावर आले होते. टाकी बंद करायची असेल तर मासे दुकानदाराला परत द्या, नाहीतर मला फोन करा. माझ्याकडे एक टाकी रिकामीच असते.