दादर समुद्रात बुडालं तेव्हा

आज दिवसभर मुलाखती. आम्हाला एक डेव्हलपर हवाय, नकाशे जमणारा आणि वेबसाइट अंध माणसालाही वापरता येईल अशी बांधणारा. हे दोन्ही एकाच माणसात सापडणं म्हणजे अंधेरीला चढून चर्चगेट फास्टला विंडो सीट मिळणं.

पाच जण आले. 'ॲक्सेसिबिलिटी' सगळ्यांच्याच रिझ्युमेत. एकाने दादर स्टेशनचा पिन टाकला तर तो नॉर्वेच्या वर, थेट समुद्रात! जिओजेसनमध्ये (नकाशाची माहिती लिहायचा फॉरमॅट) रेखांश आधी लिहायचा, अक्षांश नंतर. त्याने १९ आणि ७२ उलटे टाकले होते. बिचारा लाजला, पण चूक दोन मिनिटांत शोधली. (मीही हे केलंय, त्यामुळे मार्क कापले नाहीत.)

खरी परीक्षा पुढे. आमचा टेस्टर दृष्टिहीन आहे. एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, लावून बसतो, माउसला हात लावत नाही. नकाशा उघडला की स्क्रीन रीडर नुसतं "ग्राफिक, ग्राफिक". टॅब दाबत गेला तर पिनांमध्येच अडकला, बाहेर पडायला वाटच नाही. "अहो, हा तर संध्याकाळचा दादरचा पूल झाला!"

शेवटच्या मुलीने नकाशाखाली तीच ठिकाणं साध्या यादीत दिली होती. जिना कुठे, लिफ्ट कुठे, सगळं. फिकट करड्या अक्षरांवर तर तिने स्वतःच बोट ठेवलं, "हे अक्षर आणि पार्श्वभूमीतल्या किमान ४.५:१ कॉन्ट्रास्टला बसत नाही, बदलायचं राहिलं."

टेस्टरने हेडफोन काढला. "कुठून येता तुम्ही?"

"बदलापूर."

एचआरला सांगून टाकलं, पगाराचं बोलून घ्या. आणि आठवड्यातले तीन दिवस घरून.