वाटीच्या मापाचे ग्रॅम करताना : माझा अनुभव

मेलबर्नला राहणाऱ्या भाचीने सासूबाईंच्या बेसन लाडवांचे प्रमाण मागितले, तेव्हा त्यांच्या वहीत चार वाट्या बेसन, दीड वाटी तूप, साडेतीन वाट्या पिठीसाखर आणि दोन मोठे चमचे दूध एवढेच लिहिलेले होते. भाचीकडे आमची वाटी नाही, तिथला कप २५० मिलिलिटरचा असतो आणि मोठा चमचा आपल्याकडे धरतात तसा १५ नव्हे, तर २० मिलिलिटरचा असतो; म्हणून प्रमाण ग्रॅममध्येच द्यायचे मी ठरवले.

आधी वाटीत मावते किती, ते काढले. रिकामी वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि वाटी पाण्याने काठोकाठ भरली. १ मिलिलिटर पाणी जवळजवळ १ ग्रॅम भरते, त्यामुळे काट्यावर १५० दिसताच वाटी १५० मिलिलिटरची हे नक्की झाले. पाण्यापुरता हिशोब इथेच संपतो. पिठाचा मात्र इथून सुरू होतो. तयार तक्त्यांत एकाच पिठाला निरनिराळे आकडे आढळतात, कारण पीठ भरण्याची पद्धत प्रत्येकाची वेगळी असते. म्हणून मी सासूबाईंनाच म्हटले, "आई, तुम्ही नेहमी घेता तशीच वाटी भरा." त्यांनी वाटी डब्यात बुडवून वर काढली, जास्तीचे बेसन हाताने हलकेच सारले आणि म्हणाल्या, "वाटी आपटायची नाही हं, आणि शीग थोडी राहू द्यायची." ती वाटी ९० ग्रॅम भरली. तेच बेसन चाळून, चमच्याने अलगद भरून सुरीने सपाट केले, तर वजन ६० ग्रॅमच आले. चार वाट्यांचे एका रीतीने ३६० आणि दुसऱ्या रीतीने २४० ग्रॅम होतात; तूप तेवढेच ठेवले तर दुसऱ्या रीतीचे लाडू नक्की बसतील. पूर्वी शेर-पायलीने धान्य मोजतानाही माप सपाट की शिगोशीग, हे आधी ठरवावे लागे, ते किती योग्य होते!

तूप पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे पातळ केलेल्या तुपाची वाटी साधारण १३७ ग्रॅम भरते. रवाळ थिजलेले तूप चमच्याने भरले की मध्ये हवा राहते आणि वजन घटते. सासूबाई ते गच्च दाबून घेतात, म्हणून दीड वाटीचे २०५ ग्रॅम धरले.

सर्वांत जपावे लागले ते साखरेला. दाणेदार साखरेची आमची वाटी १२७ ग्रॅमच्या आसपास जाते, पण दळलेल्या साखरेची ७५ ग्रॅमच. वाटीभर साखर घेऊन ती दळणे आणि दळलेली साखर वाटीभर घेणे यांत एवढा फरक पडतो, आणि साडेतीन वाट्यांत तो पावणेदोनशे ग्रॅमच्या वर जातो. वहीतील माप दळलेल्या साखरेचे आहे, हे सासूबाईंकडून पक्के करून घेतले आणि २६० ग्रॅम लिहिले.

वेलदोड्याची पूड मी वजनात बदलली नाही. घरचा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, त्यामुळे दोन-तीन ग्रॅमच्या जिनसांना तो भरवशाचा नाही. शिवाय छोटा चमचा दोन्हीकडे ५ मिलिलिटरचाच आहे. बेसन भाजून झाल्यावर ज्या दुधाचा हबका मारायचा, ते मात्र चमच्यांत न सांगता ३० मिलिलिटर असे लिहिले.

आता त्याच वहीतील चकलीच्या भाजणीचे काम हाती घेतले आहे. भाजणीचे धान्य ग्रॅममध्ये सहज बसते, पण उकडीचे पाणी मी वाटीनेच ठेवणार आहे, कारण दळण जाड-बारीक झाले की पीठ कमी-जास्त पाणी पिते आणि ते मळतानाच हाताला कळते.