तुळईचा जन्मदाखला

जुनं लाकूड पुन्हा वापरलं की पर्यावरणपूरक इमारतीच्या प्रमाणपत्राचा गुण आपोआप पदरात पडतो, असं मलाही वाटायचं. आमच्या एका दुमजली इमारतीच्या कामाने तो समज दूर केला. जुनी इमारत उतरवून त्याच जागी नवी बांधायची होती. मालकांना लीड (LEED) हे पर्यावरणपूरक इमारतींना गुणांवर मिळणारं प्रमाणपत्र हवं होतं आणि त्याची कागदपत्रं माझ्याकडे होती. मी साइटवर रुजू झाले तेव्हा ३८ सागवानी तुळयांपैकी ९ उतरवून, कापून, रंधा मारून झाल्या होत्या. सुतारांनी त्यांच्या जिन्याच्या पायऱ्या केल्या होत्या आणि काम अगदी देखणं झालं होतं. पण त्या तुळया मुळात कुठल्या खोलीत, केवढ्या मापाच्या होत्या, याचा ना फोटो ना नोंद. पुढे तक्ता भरताना त्या ९ तुळया मी स्वतःच वगळल्या. जे सिद्ध करता येत नाही ते मागायचं नाही, असं मी तेव्हा ठरवलं. वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आमची नोंदणी लीडच्या २००९ च्या आवृत्तीखाली होती. त्यात साहित्याच्या पुनर्वापरासाठी वेगळा क्रेडिट, म्हणजे गुण मिळवून देणारा निकष, होता: एकूण साहित्याच्या किमतीच्या ५ टक्के पुनर्वापर केलात तर १ गुण, १० टक्के केलात तर २. हिशेब वजनाचा नव्हता, किमतीचा होता. लिफ्ट आणि प्लंबिंग, विजेचं, वातानुकूलनाचं सामान त्यात धरत नसत. टक्केवारीच्या छेदात, म्हणजे एकूण साहित्याची किंमत म्हणून, काय घ्यायचं याला दोन वाटा होत्या. एकतर बांधकामाच्या प्रत्यक्ष खर्चाचे ४५ टक्के सरसकट साहित्य म्हणून धरा, नाहीतर साहित्याची खरी बिलं जोडा. आमच्याकडे मजुरीचा वाटा मोठा होता, म्हणून मी बिलंच जोडत बसले. तीन आठवडे गेले, पण छेद लहान झाला आणि टक्केवारी वर सरकली. ज्यांच्या कामात कारागिरी जास्त आहे त्यांनी ही मेहनत जरूर घ्यावी.

मग किमतीचा प्रश्न. आपल्याच इमारतीतून निघालेल्या तुळईचं बिल कुठून आणणार? नियम इथे उदार होता. प्रत्यक्ष दिलेली किंमत आणि तशाच नव्या वस्तूची बाजारातली किंमत, यांतली जी जास्त असेल ती धरता येत असे. मात्र ‘तशीच’ हा शब्द नीट घ्यायला हवा. जुन्या सागाचं लाकूड दाट रेषांचं, पक्क्या गाभ्याचं असतं. त्याच्यासमोर कोवळ्या, पांढुरक्या सागाचा दर ठेवला तर आपणच आपलं नुकसान करतो. मी जात, जाडी-रुंदीचं माप आणि प्रत लिहूनच दरपत्रकं मागवली.

आणखी एक अट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नसे. जागेवरचाच भाग आपल्या जागी राहून जुनंच काम करत राहिला, तर तो इमारत-पुनर्वापराच्या वेगळ्या क्रेडिटमध्ये मोजत. साहित्य-पुनर्वापरात मोजायचा तर तो वेगळ्या कामासाठी किंवा वेगळ्या जागी लागायला हवा होता. तुळईची पायरी झाली, म्हणजे ती या अटीत बसली. आणि इथे मोजलेली वस्तू, राडारोडा कचऱ्यात जाण्यापासून वाचवल्याच्या वेगळ्या टक्केवारीत पुन्हा दाखवता येत नसे. आमच्या पहिल्या तक्त्यात हीच दुबार मोजणी झाली होती. एका रात्री जागून ती काढली.

विटांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. तळमजल्याचं बांधकाम चुन्यातलं होतं. हातोडीने हलके ठोके दिले की चुना सुटायचा आणि वीट अख्खी हातात यायची. वरचा मजला नंतर सिमेंटमध्ये चढवलेला. तिथे सिमेंट विटेपेक्षा हट्टी निघालं आणि सांधा सुटायच्या आधी वीटच फुटायची. वरच्या मजल्याच्या विटांची आशा आम्ही दोन दिवसांत सोडली. खालच्या विटा मिस्त्रीकाका एकमेकींवर वाजवून पाहत. खणखणीत वाजली ती ठेवायची, बद्द वाजली ती बाजूला. काकांचा कान सहसा चुकत नाही, पण फाइलमध्ये कान जोडता येत नाही. म्हणून नमुन्याच्या विटा वाळवून वजन केल्या, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन केल्या आणि दाबाची चाचणीही करून घेतली. काकांनी नापास केलेल्या विटांनी पाणीही जास्त पिलं होतं. ते दोन अहवाल काकांना वाचून दाखवले तो दिवस माझ्या फार जवळचा आहे.

दारांच्या जुन्या रंगात शिसं निघालं. अशा दाराला कोरडा पॉलिश पेपर लावला की विषारी धूळ थेट कारागिरांच्या छातीत जाते. रंग ओला ठेवून, मास्क लावून खरवडला. दोन दारं सोडून दिली. गुणासाठी कुणाच्या फुफ्फुसांची किंमत मोजायची नाही, यावर मी ठाम आहे.

शेवटी पुनर्वापराचा आकडा ६.३ टक्क्यांवर थांबला. १ गुण मिळाला.

सध्याचं काम लीडच्या चौथ्या आवृत्तीत आहे. तिथे हा क्रेडिट स्वतंत्र उरलेला नाही. पुनर्वापराचं साहित्य प्रमाणित लाकूड, पुनर्चक्रित घटक अशा इतर निकषांसोबत एकत्र धरतात आणि सगळं मिळून कायमस्वरूपी बसवलेल्या साहित्याच्या किमतीच्या २५ टक्के व्हावं लागतं. पण १६० किलोमीटरच्या आतून आलेल्या मालाची किंमत दुप्पट धरतात. आमचा माल तर त्याच आवारातला.

या वेळी पाडकामाच्या पहिल्या ठोक्याआधी मी खडू आणि टेप घेऊन फिरते आहे. प्रत्येक तुळई, चौकट, फरशीला क्रमांक, जागेवरचा फोटो, माप आणि कुठे लागणार आहे ते. सुतारांनाही सांगून ठेवलंय, क्रमांक वहीत चढल्याशिवाय करवत लावायची नाही. काल संध्याकाळपर्यंत ११२ नोंदी झाल्या. जिन्याचा कठडा अजून बाकी आहे.