आंब्याची पालवी

आज घरामागच्या आंब्याची कोवळी पालवी जलरंगात रंगवली. पानं अजून मलूल लोंबतायत, तांबूस, तुकतुकीत. हा रंग अँथोसायनिन या लालसर रंगद्रव्याचा, हरितद्रव्य मागाहून भरतं. बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी) किंचित अलिझरिन क्रिमझन (गडद लाल) मिसळलं की काम झालं.

खरा कस जुन्या पानांचा. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा फासला की झाड प्लॅस्टिकचं दिसतं (ठाम मत आहे, भांडायला या!). त्यात ब्रशच्या टोकावर येईल एवढाच लाल घाला. लाल हिरव्याचा विरोधी रंग, त्यामुळे भडकपणा लगेच उतरतो. सावलीला काळा नकोच, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना पुरतात. आणि पानावरची चकाकी? तिथे कागद कोराच ठेवायचा.

शिरा उद्या काढेन. ओल्या कागदावर रेघ फुटते, आणि या दमट हवेत कागद वाळता वाळत नाहीये.