आमची वाटचाल : पंचवटीतल्या अंगणापासून

आमच्या ब्रेकच्या व्यवसायाचा आरंभ दुकानात झाला नाही. तो १९९६ साली, पावसाळा सरल्यावर, पंचवटीतील एका निवृत्त गुरुजींच्या अंगणात झाला. त्यांच्या प्रीमियर पद्मिनीचे पेडल पाय ठेवला की हळूहळू खाली बसत असे. मागच्या चाकांकडे जाणारी लोखंडी नळी, जिथे क्लिपखाली चिखल साचून राहतो नेमकी तिथेच, गंजून पाझरत होती. मी तेव्हा मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजात कामाला होतो. गाडी ओढून नेण्याऐवजी रविवारी घरीच काम करा, असे गुरुजींनी सुचवले आणि मी होकार दिला.

सातपूरच्या कारखान्यात टर्नर असलेले माझे मेहुणे सोबत आले, आणि तेच पुढे आमचे भागीदार झाले. त्या दिवशी आमच्यापाशी असलेले फ्लेअरिंगचे, म्हणजे नळीचे तोंड फुलवून कड करण्याचे, हत्यार त्यांनी स्वतः लेथवर केलेले होते. पावणेपाच मिलिमीटरची नळी त्याच्या पट्टीत घट्ट धरायची, ठरलेल्या मापाइतकीच बाहेर ठेवायची, पहिल्या दाबाला बुटका डाय लावून तोंड फुगवायचे आणि दुसऱ्या दाबाला शंकूने तीच कड आत दुमडायची. अशा दुहेरी कडेचे तोंड नखाने तपासले तर कुठेही चीर लागत नाही. पहिली तीन तोंडे आम्ही कापून टाकली, कारण कड एका बाजूला कलली होती. चौथे जमले तेव्हा लक्षात आले की नट आधी नळीत ओवायचाच राहून गेला आहे, म्हणून तेही कापावे लागले. संध्याकाळी गुरुजी पेडलवर बसले, मी मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागापासून) सर्वांत दूरच्या डाव्या मागच्या चाकापासून एअर, म्हणजे नळ्यांत शिरलेली हवा, काढत आलो, आणि पेडल दगडासारखे लागले. गुरुजींनी मजुरी दिलीच, शिवाय ओळखीच्या अकरा गाड्या पाठवल्या. आमचे दुकान त्या अकरा गाड्यांवर उभे राहिले.

पुढची सात-आठ वर्षे काम येत गेले आणि आम्ही अंबड लिंक रोडला भाड्याची जागा घेतली.

२००४ साली मात्र आम्ही बुडता बुडता वाचलो. आमच्याकडून मागची नळी बदलून घेतलेल्या एका मारुती ८०० चे ब्रेक कसारा घाट उतरताना गेले. दुहेरी सर्किट, म्हणजे ब्रेक ऑइलचे दोन स्वतंत्र मार्ग, असल्यामुळे उरलेल्या निम्म्या ब्रेकवर आणि हँडब्रेकवर गाडी कठड्याशी थांबली आणि कोणालाही इजा झाली नाही. बिल आमचे होते, त्यामुळे दोषही आमच्याच माथी आला. वास्तविक आमच्या कामानंतर त्या गाडीचा तळ दगडावर आपटला होता आणि चेपलेला भाग शेजारच्याच एका दुकानात कापून तिथे फ्रिजच्या कामातली साधी तांब्याची नळी जोडली गेली होती. साधे तांबे सततच्या कंपनाने कडक होऊन तडकते, हे या धंद्यात पोरालाही ठाऊक असते. त्या नळीचे तोंड एकेरी फ्लेअरचे, म्हणजे कड आत न दुमडलेले, होते आणि त्यावर उभी चीर गेली होती. मी तो तुकडा घेऊन गाडीमालकांच्या घरी गेलो. त्यांनी दारातूनच परत पाठवले. ज्यांनी तो जोड केला, तेच चौकात उभे राहून आमच्या नळ्या फुटतात असे सांगत राहिले. ट्रॅव्हल्सवाल्यांनी काम थांबवले, पाच महिन्यांचे भाडे थकले आणि मेहुण्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढले. त्या पाच महिन्यांत एकटे गुरुजी दर पंधरवड्याला पद्मिनी घेऊन दुकानासमोर उभी करत, काम असो वा नसो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ती दिसावी म्हणून.

तेव्हापासून आम्ही मधला जोड देत नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड नळीच बसवतो. आता बहुतेक काम तांबे-निकेलच्या नळीत होते, कारण ती गंजत नाही आणि हाताने वळते. घरी हे काम करू पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे की गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली शिरू नका, घोड्या (आधाराचे स्टँड) लावा. नटाला उघडा पाना न लावता फ्लेअर नटाचा पाना वापरा, नाहीतर कोपरे गोल होतात. जुनी नळी वाकवू नका, ती नव्या नळीचा साचा असते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढते. डॉट ४ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर तीच हमी १५५ वर येते, आणि घाटातल्या लांब उतारावर हा फरक जीवघेणा ठरतो. म्हणून अर्धवट उघडा डबा पुन्हा वापरू नये.

गेल्या वर्षी तेच मारुतीचे मालक मुलीची जुनी गाडी घेऊन आले. कसाऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. नळी अखंड टाकली, एअर काढली, रीतसर बिल दिले. तो तडकलेला तांब्याचा तुकडा काउंटरच्या खणातच होता. तो मी बाहेर काढला नाही.