झेल्मा, यंग, झीना

कॅनडातल्या सास्काटूनला लेकीकडे गेले होते. दुपारची जेवणं आटोपली होती, नातू झोपला होता, आणि जावयाने टेबलावर सस्कॅचेवान प्रांताचा रस्त्यांचा कागदी नकाशा तसाच पसरून ठेवला होता. नकाशा दिसला की मला तो वाचावा लागतो. बोट रेल्वेच्या बारीक काळ्या रेघेवर ठेवलं आणि सास्काटूनहून पूर्वेला निघाले. क्लेव्हेट, ब्रॅडवेल, ॲलन. मग झेल्मा, यंग, झीना, वॉट्रस, वेन. झीनाचं स्पेलिंग एक्सने सुरू होतं हे बघितलं आणि बोट थबकलं. सी, बी, ए. झेड, वाय, एक्स, डब्ल्यू, व्ही. पुढे अंडोरा, टेट, सीमन्स, रेमोर, क्विंटन, पनिची. कोणीतरी एबीसीडी उलटी म्हणत चाललं होतं.

उलटी म्हणायची मला लहानपणापासून सवय आहे. एबीसीडी नव्हे, स्टेशनं. आजोबांबरोबर लोणावळ्याला जाताना शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी अशी सुरुवात व्हायची. जाताना पाठ नसली तरी चालायची, कारण खिडकीतून पिवळ्या पाट्या दिसायच्या. परीक्षा परतीच्या वाटेवर. आजोबा मला खिडकीकडे पाठ करून बसवायचे आणि म्हणायचे, ‘‘हं, मळवलीनंतर?’’ कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. तळेगावपर्यंत ठीक. घोरावाडी आधी की बेगडेवाडी, तिथे माझी गाडी दर वेळी घसरायची. बरोबर आलं तर खिशातून लिमलेटची गोळी, चुकलं तरी गोळीच, पण देताना ते ‘‘हात्तिच्या’’ म्हणायचे आणि त्या ‘हात्तिच्या’मुळे गोळी आंबट लागायची. पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तीही वाचायची. तिचं पुढे काय करायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही अजून वाचते. घरचे वैतागतात. रात्रीच्या गाडीत सगळे गाढ झोपलेले असताना एखाद्या अंधाऱ्या स्टेशनात गाडी थांबली, की नाव कळल्याशिवाय मला कूस बदलता येत नाही.

तर ती एबीसीडी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ग्रँड ट्रंक पॅसिफिक नावाच्या रेल्वे कंपनीने या माळरानातून रूळ टाकले आणि दर सात-आठ, फार तर दहा मैलांवर एक थांबा आखला. थांब्यांना नावं हवीत. गावं तर नाहीतच, मग नावं कुठून आणायची? इंग्रजी मुळाक्षरं घेतली आणि ओळीने वाटत सुटले. झेडपर्यंत पोचले की पुन्हा एपासून. मधूनमधून एखादं नाव रांग मोडून घुसतं. नोकोमिस घुसलंय. मेल्व्हिल तर साहेबाच्याच नावाचं, कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स मेल्व्हिल हेज यांच्या. हे हेजसाहेब 1912 साली इंग्लंडहून परत येताना टायटॅनिकवर होते, तिथेच बुडाले. त्यांची कंपनीही पुढे फार तगली नाही. सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली. अक्षरं तेवढी राहिली.

आपल्याकडे हे कसं उलटं असतं. आधी पाणवठा, मग चार घरं, मग देऊळ, मग भांडण, मग दुसरी आळी, आणि नाव कधी पडलं हे कोणालाच ठाऊक नाही. म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर तो थेट पांडवांपर्यंत जातो. माझा तर असा हट्टच आहे की ज्या जागेला एक तरी न पटणारी आख्यायिका नाही, तिला गाव म्हणू नये. आणि इथे कुठल्याशा कचेरीत बसून एका कारकुनाने संध्याकाळच्या आत सव्वीस गावं उरकली असणार. आधी नाव, मग रूळ, मग धान्याचं उंच लाकडी कोठार, आणि सगळ्यात शेवटी माणसं.

माणसं आली ती जमिनीसाठी. 1872 च्या कायद्याने दहा डॉलर भरले की 160 एकर मिळत. अट एवढीच की तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन मोडायची. सगळं माळरान आधीच चौकोनांत आखून ठेवलेलं होतं. एक मैल बाय एक मैल म्हणजे एक सेक्शन, 640 एकर. असे छत्तीस सेक्शन म्हणजे एक टाऊनशिप. अजूनही तिथला शेतकरी आपली जमीन सांगताना कुठला पाव, कुठला सेक्शन, कुठली टाऊनशिप, कितवी रेंज, म्हणजे टाऊनशिपची उभी रांग, आणि कुठल्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला, हे एका दमात म्हणतो. आपल्याकडे गट नंबर विचारला की माणूस आधी खिशात कागद शोधतो.

या चौकोनांत एक गंमत आहे, ती मला फार आवडली. उत्तर-दक्षिण रस्ते नाकासमोर सरळ जातात, आणि मग काही कारण दिसत नसताना एकदम बाजूला सरकतात, चार पावलं आडवं जाऊन पुन्हा सरळ. ओढा नाही, टेकडी नाही, कोणाचा बांध आडवा आलेला नाही. कारण काय, तर पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे सरळ चौकोन बसेनात, म्हणून दर चोवीस मैलांवर ते सावरून घ्यायचे. पृथ्वी गोल असल्याचे पुरावे शाळेत पाठ केले होते, दूर जाणाऱ्या जहाजाचं शीड वगैरे. गाडीतून आडवा धक्का खाऊन ती गोल असल्याचं मला तिथे पहिल्यांदा कळलं.

जावई विद्यापीठात डाळींच्या वाणांवर काम करतो. त्यामुळे त्याला गावोगाव जावं लागतं, आणि मी म्हणजे पाट्या वाचणारी हौशी प्रवासी. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायचा. मी आधी समजले, ओळखीचा असेल. मग दुसरा, तिसरा. जावई म्हणाला, ‘‘आई, इथे ओळख लागत नाही.’’ मीही बोटं उचलायला लागले. पुण्यात हा प्रयोग करून बघायची माझी हिंमत नाही.

एका गावात, नाव सांगत नाही, पण अक्षर रांगेतलंच होतं, आम्ही सकाळी दहाच्या सुमाराला पोचलो. को-ऑपच्या दुकानाला लागून एक कोपरा, तिथे टेबलं, आणि टेबलांभोवती टोप्या घातलेले आठ-नऊ म्हातारे. याला ते कॉफी रो म्हणतात. रोज सकाळी यायचं, ठरलेल्या खुर्चीवर बसायचं, पाऊस, भाव, ओटावाचं सरकार आणि गैरहजर असलेला माणूस, या विषयांवर बोलायचं, आणि शेवटी फासे टाकून पैसे कोणी द्यायचे ते ठरवायचं. आपला पारच तो. फक्त वर पिंपळ नाही, कारण बाहेर उणे चाळीसला जाणारा हिवाळा. फासे मात्र पारावर उघड टाकत नाहीत, एवढा आपल्यात पापभीरूपणा आहे.

मी भारतातून आले म्हटल्यावर समोरच्या आजोबांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, ‘‘काय, पाऊस कसा झाला तुमच्याकडे?’’ मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलताहेत. म्हटलं, ‘‘छान झाला, खडकवासला भरलं.’’ आजोबांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ‘‘आणि मध्य प्रदेशात?’’

मी जावयाकडे बघितलं. तो हसत होता. या लोकांच्या शेतात मसूर असतो. 1970 च्या दशकापर्यंत इथे मसुराचं नाव नव्हतं. सास्काटूनच्या विद्यापीठातल्या अल स्लिंकार्ड यांनी इथल्या हवेला मानवेल असा वाण काढला, 1978 मध्ये तो शेतकऱ्यांना दिला आणि त्याचं नाव ठेवलं लेअर्ड. पुढचा एस्टन. दोन्ही नावांची गावं याच प्रांतात आहेत. आता जगात सगळ्यात जास्त मसूर निर्यात होतो तो कॅनडातून, आणि त्यातला बहुतेक या एका प्रांतातला. मध्य प्रदेशात पाऊस चांगला झाला की तिथल्या जमिनीत ओल राहणार, रब्बीचा मसूर बरा येणार, दिल्ली आयातीला हात आखडता घेणार, आणि या टेबलावरची सगळी गणितं बदलणार. 2017 च्या शेवटी आपल्या सरकारने वाटाण्यावर पन्नास टक्के आणि मसुरावर तीस टक्के आयात शुल्क लावलं, ती तारीख या आजोबांना तोंडपाठ होती. मी त्या वर्षी काय करत होते कोण जाणे. मसूर मात्र नक्की खात होते. अख्खा मसूर म्हणजे कराडकडचा, अशी माझी ठाम समजूत. त्यातला किती बोटीने आलेला होता हे कराडच्या ढाबेवाल्यालाही सांगता येईल असं वाटत नाही.

‘‘तुमचं गाव केवढं?’’ आजोबांनी विचारलं. पुणं किती लाखांचं झालं ते मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘मग सुगीत कोणी आजारी पडलं तर कोणाला बोलवायचं ते कळतं कसं?’’

हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी सरळ होता. ऐन कापणीच्या दिवसांत घरधनी आजारी पडला किंवा गेला, तर शेजारीपाजारी आपापली कंबाइन यंत्रं घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि एका दिवसात पीक काढून देतात. बायका शेतावर जेवण पोचवतात. आपल्याकडची इर्जिक, फक्त बैलांऐवजी घराएवढी यंत्रं. तीच माणसं मग ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात किंवा गावाच्या हॉलमध्ये टर्कीचं जेवण घालतात. तिकीट काढायचं, रांगेत बसायचं, आग्रह व्हायचा. मला शाकाहारी म्हणून बटाटा, गाजर आणि पाच प्रकारचे पाय मिळाले. खायचे पाय, त्यातला जांभळ्या सास्काटून बेरीचा सगळ्यात उत्तम. पूर्वेकडच्या इटुना-गुडीव्ह भागात युक्रेनहून आलेल्यांची वस्ती, तिथे पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, आणि कोबीच्या पानातले भाताचे विडे असतात. कुणाच्या पेरोगीचं आवरण जाड झालंय यावर दोन आज्यांमध्ये जे बोलणं चाललं होतं, ते ऐकून माझी खात्री पटली की हे गावच. आख्यायिका नसली तर नसो.

पण माणसं पातळ झाली आहेत. कोठारं सात-आठ मैलांवर का होती? घोडागाडीत गहू भरून शेतकऱ्याने निघावं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतावं, म्हणून. सगळा प्रांत घोड्याच्या दमावर मापलेला होता. घोडे गेले, ट्रक आले, आणि गावं एकमेकांच्या फार जवळ आहेत हे सगळ्यांच्या लक्षात आलं. एके काळी कॅनडाच्या माळरानावर पाच हजारांहून जास्त लाकडी कोठारं होती, प्रत्येकावर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. 1897 पासून चालत आलेली धान्याच्या रेल्वेभाड्याची सवलत 1995 मध्ये पुरती संपली, फाट्यावरचे रूळ उखडले गेले, आणि कोठारं एकामागून एक आडवी झाली. आता मोठी काँक्रीटची कोठारं, लांब लांब अंतरावर. प्रांताची लोकसंख्या 1931 मध्ये नऊ लाखांच्या वर होती. नव्वद वर्षांनी ती अकरा लाखांच्या थोडी पुढे गेली, तीही शहरांत. झीना, अंडोरा, टेट यांच्याकडे उतरून बघावं असं फारसं काही राहिलेलं नाही. आधी शाळा जाते, मग पोस्ट. बर्फावरच्या कर्लिंग या खेळाचा हॉल सगळ्यात शेवटपर्यंत धरून ठेवतात, याचं मला कौतुक वाटलं. आपण बहुधा देऊळ धरून ठेवू.

आख्यायिका नाही असं म्हटलं मी. ते तितकंसं खरं नाही. कारकुनाने नावं वाटली तेव्हा तिथे कोणी नव्हतं असं नकाशा सुचवतो, पण होतं. इथले मूळचे लोक, क्री होते, सोटो होते. गव्यांचे कळप संपवले गेल्यावर उपासमार झाली. 1874 मध्ये कपेल दरीत त्यांचा सरकारशी करार झाला, त्याला नाव नाही, क्रमांक आहे, चौथा करार. त्यानंतर राखीव जमिनी, आणि मग मुलांसाठी निवासी शाळा. पनिचीच्या पुढे लेस्टॉकजवळ मस्कोवेक्वन लोकांच्या जमिनीवर अशी एक शाळा होती. मुलांना घरातून न्यायचे, केस कापायचे, घरची भाषा बोललं तर शिक्षा. या निवासी शाळांतून मुलांना नावाऐवजी आकड्याने हाक मारायची पद्धत होती, म्हाताऱ्या झालेल्यांना आपापला आकडा अजून आठवतो. लेस्टॉकची शाळा 1997 मध्ये बंद झाली. आवारात नोंद नसलेल्या कबरी सापडल्या.

विटांची ती मोठी इमारत रिकामी झाल्यावर पाडून टाकायचं म्हणत होते. या मार्गावरची कोठारं पाडली, फाटे उखडले, कोणी फारसं अडवलं नाही. ही इमारत पाडू नका, असं मस्कोवेक्वनच्या लोकांनी सांगितलं. त्यात जी लहानपणी राहिली होती, तीही सांगणाऱ्यांत होती. 2021 मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली. ती उभी आहे.